कडू बदामाची गोड कहाणी

बदाम खातां खातां शेवटचा दाणा कडू निघावा आणि सारें तोंड बिघडून जावें, हा अनुभव बहुधा प्रत्येकानें घेतला असेल. असा दाणा आपण थुंकून टाकतों, पाण्याची चूळ भरतों आणि दुकानदाराच्या नांवानें दोन शब्द बोलून मोकळे होतों. परंतु युरोपच्या अगदीं नैर्ऋत्य टोंकाला एक प्रांत असा आहे कीं, तेथल्या लोकांनीं हाच कडू दाणा टाकून न देतां जपून ठेविला, त्याच्यापासून एक मधुर मद्य तयार केलें, आणि त्याला नांवहि मोठ्या लाडाचें दिलें. तो प्रांत म्हणजे पोर्तुगालचा आल्गार्व, आणि तें पेय म्हणजे तेथील बदामाचें लिक्योर. पोर्तुगीज भाषेंत त्याला ‘आमेंदोआ आमार्गा’, म्हणजे सरळसरळ ‘कडू बदाम’ असेंच म्हणतात. बाजारांत ज्या नांवानें त्याची विशेष ख्याति झाली तें नांव ‘आमार्गिन्या’. ‘आमार्गा’ म्हणजे कडू, आणि तिचें हें लाडकें लघुरूप. आपल्या घरगुती बोलींत सांगावयाचें तर ‘इवलीशी कडू’.

श्रोतेहो, या पेयाची माहिती ऐकून कोणीं पेला हातीं घ्यावा असा माझा मुळींच आग्रह नाहीं. ज्यांना मद्य वर्ज्य आहे त्यांना तें खुशाल वर्ज्य राहो. परंतु खाण्यापिण्याचे पदार्थ हे इतिहासाचे मोठे प्रामाणिक साक्षीदार असतात. भाट आणि बखरकार धन्याची बाजू घेतात, विजयस्तंभावर पराजयाची नोंद कोणी करीत नाहीं; पण एखाद्या प्रांतानें कोणती चव पिढ्यानुपिढ्या सांभाळली, यांत लबाडीला फारसा वाव नसतो. या लहानशा पेल्यांत अरबांची बाग आहे, ख्रिस्ती मठांतील स्वयंपाकघर आहे, रसायनशास्त्राच्या इतिहासांतील एक मोलाचें पान आहे, आणि मनुष्याच्या क्रौर्याची एक गोष्टहि आहे. तीं सारीं आपण क्रमानें पाहूं.

प्रथम तो प्रदेश कसा आहे तें पाहिलें पाहिजे. पोर्तुगालच्या नकाशाच्या तळाशीं पूर्वपश्चिम पसरलेली, सुमारें ५,००० चौरस किलोमीटरांची एक पट्टी दिसते. उत्तरेला डोंगरांची रांग आणि दक्षिणेला समुद्र, अशी तिची ठेवण. डोंगर व किनारा यांच्या मधोमध चुनखडीच्या दगडाचा एक पट्टा आहे, त्याला तेथें ‘बारोकाल’ म्हणतात. उन्हाळा लांबलचक आणि कोरडा, पाऊस काय तो हिवाळ्यांत. अशा जमिनींत लाड मागणारें झाड जगत नाहीं. जगतात तीं चार झाडें: अंजीर, ऑलिव्ह, बदाम, आणि ज्याच्या शेंगा गुरांना घालतात तें ‘आल्फारोबा’. या शेवटच्या झाडाच्या बियांवरूनच सोनार ज्याला ‘कॅरट’ म्हणतात त्या वजनाचें नांव आलें आहे. ही चार झाडें एकाच वावरांत, विनापाटपाण्याचीं, मिसळून लावावयाचीं आणि त्यांच्या सुक्या फळांवर संसार चालवावयाचा, ही आल्गार्वच्या शेतकऱ्याची जुनी रीत.

‘आल्गार्व’ हें नांवच अरबी आहे. ‘अल्-घर्ब’ म्हणजे पश्चिम दिशा. इ. स. ७११ मध्यें मुसलमानी फौजा आफ्रिकेंतून समुद्र ओलांडून आयबेरियाच्या द्वीपकल्पांत उतरल्या आणि थोडक्याच काळांत हा मुलूख त्यांच्या हातीं आला. त्यांच्या राज्याचें हें पश्चिमेचें टोंक, म्हणून त्याचें नांव पश्चिम. तेथील सिल्व्हेश नगर त्या काळीं मोठें भरभराटींत होतें. तांबड्या वालुकाश्मानें बांधलेला त्याचा किल्ला अजूनहि उभा आहे. सेव्हिलचा राजा अल्-मुतमिद यानें तारुण्यांत या नगराचा कारभार पाहिला होता. तो राजा होता तसाच नामांकित कवीहि होता. पुढें राज्य गमावून मोरोक्कोंतील अघमात गांवीं बंदिवासांत, इ. स. १०९५ मध्यें, तो वारला. आपल्या तरुणपणच्या सिल्व्हेशची आठवण त्यानें काव्यांत गुंफून ठेविली आहे.

या मुसलमानी अमदानीशीं बदामाचें नातें जोडणारी एक दंतकथा आल्गार्वमध्यें घरोघर सांगतात. इब्न-अल्मुंदिम नांवाच्या एका मूर राजानें उत्तरेकडील गिल्डा नांवाच्या राजकन्येशीं विवाह केला. कांहीं दिवस सुखाचे गेले. पण मग राणी झुरूं लागली. वैद्य झाले, हकीम झाले, रोग कळेना. शेवटीं तिच्याच देशच्या एका वृद्धानें सांगितलें कीं, हिला माहेरच्या बर्फाची आठवण छळते आहे. दक्षिणेच्या उन्हांत बर्फ कोठून आणावा? राजानें महालाभोंवतालच्या साऱ्या माळावर बदामाचीं झाडें लाविलीं. माघाच्या सुमारास एके सकाळीं राणीला खिडकीशीं आणिलें, तों दृष्टि पोंचेल तेथवर पांढरेंशुभ्र! झाडांना पान नव्हतें, नुसता फुलोरा होता. राणी बरी झाली. ही कथा इतिहास नव्हे. बदामाचें झाड अरबांच्या आधींच ग्रीक आणि रोमन लोकांच्या बागांतून भूमध्यसमुद्राच्या कांठीं रुजलें होतें. परंतु जानेवारी-फेब्रुवारींत पान फुटण्यापूर्वीं बदाम फुलतो आणि डोंगरउतार पांढरे-गुलाबी होतात, हें मात्र अक्षरशः खरें आहे. परक्या घरीं आलेल्या मुलीचें दुःख ओळखण्यास वैद्य पुरा पडत नाहीं, हेंहि कांहीं खोटें नाहीं!

इ. स. १२४९ मध्यें तिसरा आफोंसो या पोर्तुगीज राजानें फारो शहर घेतलें आणि आल्गार्वमधील मुसलमानी सत्ता संपली. पुढें १९१० सालीं पोर्तुगालांतील राजेशाही बुडेपर्यंत तेथील राजे आपणांस ‘पोर्तुगाल व आल्गार्व यांचा राजा’ म्हणवीत राहिले. सत्ता गेली तरी शब्द आणि हुन्नर मागें राहिले. ज्या भांड्यांत मद्य गाळतात त्याला पोर्तुगीजमध्यें ‘आलांबीक’ म्हणतात. तो अरबी ‘अल्-अंबीक’. आल्कोहोल हा शब्दहि अरबी ‘अल्-कुहल’ यावरून आला. साखरेला पोर्तुगीज ‘आसूकार’ म्हणतात, तो अरबी ‘अस्-सुक्कर’. आणि अरबांनीं हा शब्द इराणी वाटेनें घेतला तो आपल्या संस्कृत ‘शर्करा’ शब्दावरून. लिक्योरला काय काय लागतें? बदाम, गाळलेलें मद्य आणि साखर. त्यांपैकीं दोहोंचीं नांवें अरबांच्या तोंडून आलेलीं, आणि त्यांतल्याहि एकाचें मूळ आपल्या भाषेंत! बदामानें मात्र उलट प्रवास केला. आपला ‘बदाम’ शब्द फारसी. संस्कृत वैद्यकांत त्याला ‘वाताद’ म्हणतात, आणि ‘भावप्रकाशां’त त्याला ‘नेत्रोपमफल’, म्हणजे डोळ्याच्या आकाराचें फळ, असें सुंदर नांव आहे.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, एक बदाम गोड आणि दुसरा कडू कां? रानांतला मूळचा बदाम कडूच असतो. हा कडूपणा म्हणजे झाडानें आपल्या बीजाभोंवतीं ठेविलेला पहारा आहे. कडू दाण्यांत ‘अमिग्डॅलिन’ नांवाचें एक द्रव्य असतें. दाणा अखंड असतो तोंवर त्याला वास येत नाहीं. परंतु तो चावला किंवा पाण्यांत वाटला कीं त्यांतच असलेलें एक पाचक द्रव्य अमिग्डॅलिनचे तुकडे करतें. त्यांतून तीन पदार्थ निघतात: एक साखर, दुसरा ‘बेन्झाल्डिहाइड’, म्हणजेच बदामाचा तो ओळखीचा सुगंध, आणि तिसरें हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे जहाल विष. श्रोतेहो, नीट ध्यानांत घ्या. ज्याला आपण ‘बदामी वास’ म्हणतों तो गोड बदामाला जवळजवळ नसतोच. तो कडू बदामाचा वास आहे, आणि विष व सुगंध हीं एकाच कुशींतून जन्मलेलीं भावंडें आहेत. लहान मुलाला असे पांच-दहा दाणेहि धोक्याचे ठरूं शकतात. म्हणून हा प्रयोग घरीं कोणीं करूं नये, हें आवर्जून सांगतों.

गोड बदाम हा निसर्गाच्या एका चुकीचा प्रसाद आहे. एखाद्या झाडांत बीजगुण बदलला, कडूपणा तयार होईना, आणि कोणा अज्ञात पूर्वजानें तें झाड हेरून त्याचें बीं राखलें. हा बदल नेमका कोणत्या ठिकाणीं झाला तें शास्त्रज्ञांनीं २०१९ सालीं शोधून काढलें. गोडपणाचा हा गुण प्रबळ, तर कडूपणाचा गुण सुप्त राहणारा. त्यामुळें गोड झाडाच्या बियांतूनहि क्वचित् कडू झाड उगवतें, आणि चांगल्या घराण्यांत एखादा तिरसट काका निघावा तसें तें बागेच्या कडेला उभें राहतें. शेतकरी तें तोडीत नसे. त्याच्या खोडावर गोड जातीचें कलम बांधी, किंवा त्याचीं फळें वेगळीं काढून औषधाला, तेलाला आणि मद्याला वापरी.

कडू बदाम आणि मद्य यांचा संबंध तर फारच जुना आहे, पण तो भलत्याच अंगानें. प्लुटार्क या ग्रीक ग्रंथकारानें एक गंमतीची हकीकत लिहून ठेविली आहे. टायबीरिअस बादशहाचा पुत्र ड्रूसस याच्या पदरीं एक वैद्य होता. पिण्याच्या बैठकींत त्याला कोणी हार घालवूं शकत नसे. पुढें पाळत ठेवितां असें आढळलें कीं, हा गृहस्थ बैठकीला बसण्यापूर्वीं पांच-सहा कडू बदाम खाऊन येतो. त्याला तसें करण्याची मनाई होतांच त्याची ती शेखी साफ उतरली. कडू बदाम मद्याची धुंदी मारतो, अशी प्राचीनांची समजूत होती. तिला आजच्या शास्त्राचा आधार नाहीं. परंतु जो दाणा मद्यावरचा उतारा मानला गेला, त्याचेंच पुढें मद्य व्हावें, हा काळाचा विनोद लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

या दाण्याचें कोडें एकोणिसाव्या शतकांत उलगडलें. शील नांवाच्या रसायनज्ञानें निळ्या रंगापासून प्रुसिक आम्ल हें विष १७८२ मध्येंच वेगळें केलें होतें. १८३० सालीं रोबिके आणि बुत्राँ-शार्लार या दोघां फ्रेंचांनीं कडू बदामांतून अमिग्डॅलिन काढलें. १८३२ मध्यें जर्मनींत व्होलर याची तरुण पत्नी वारली. त्याचा मित्र लीबिग यानें त्याला आपल्या गीसेन येथील प्रयोगशाळेंत बोलावून घेतलें आणि दुःखाचा विसर पडावा म्हणून दोघांनीं मिळून काम हातीं घेतलें तें कडू बदामाच्या तेलाचें. त्या संशोधनांतून असें दिसून आलें कीं, अणूंचा एक विशिष्ट समूह एका पदार्थांतून दुसऱ्यांत जातांना न मोडतां जसाच्या तसा जातो. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या उभारणींत हा शोध पायाचा दगड मानला जातो. एका विधुराचें सांत्वन करतांना एका शास्त्राला वाट सांपडली. आणि तेंहि कडू बदामांतून!

विष आणि सुगंध हीं भावंडें खरीं, पण त्यांचा स्वभाव भिन्न आहे. तें विषारी आम्ल अवघ्या २६ अंश उष्णतेला उकळूं लागतें. सुगंधी तेलाला उकळावयास १७८ अंश लागतात. म्हणजे एक उडून जाण्यास उतावीळ, तर दुसरें स्थिर. म्हणून भाजणें, शिजविणें आणि गाळणें यांनीं विषाचा पुष्कळसा अंश जातो. कारखान्यांत बदामाचें तेल काढतांना चुना आणि लोहाचा क्षार यांचा उपयोग करून उरलेलें विषहि काढून टाकीत. जुन्या घरगुती रीतींत कुटलेला बदाम द्राक्षाच्या किंवा अंजिराच्या गाळलेल्या मद्यांत कित्येक आठवडे मुरवीत, मग फडक्यांतून गाळून साखरेचा पाक मिसळीत. अशा गाळलेल्या मद्याला पोर्तुगीजमध्यें ‘आग्वार्देंत’ म्हणतात; शब्दशः अर्थ ‘जळतें पाणी’. आजच्या कारखान्यांतील लिक्योरांत विषमुक्त केलेला सुगंधी अर्क, शुद्ध मद्यार्क, साखर आणि पाणी असतें, आणि मद्यार्काचें प्रमाण साधारणपणें पांचांत एक असतें. युरोपीय संघाच्या कायद्याप्रमाणें लिक्योर म्हणवून घेण्यास शेंकडा १५ तरी मद्यार्क आणि सामान्यतः दर लिटरमागें १०० ग्रॅम तरी साखर असावी लागते.

येथें साखरेपाशीं थोडें थांबलें पाहिजे. आज साखर प्रत्येक डब्यांत असते. मध्ययुगीन युरोपांत ती औषधाच्या दुकानांत तोळ्यांनीं मिळे. ती स्वस्त कशी झाली याचें उत्तर आल्गार्वच्याच किनाऱ्यावर मिळतें. राजपुत्र हेन्री, ज्याला पुढें ‘नाविक’ ही पदवी मिळाली, त्याच्या आफ्रिकेकडील मोहिमांचें मुख्य ठाणें लागोस हें आल्गार्वमधील बंदर होतें. मदेरा बेटावर त्याच्या लोकांनीं उंसाची लागवड केली आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपच्या बाजारांत मदेराची साखर भरून वाहूं लागली. पण ऊंस तोडणार कोण, घाणा ओढणार कोण? ८ ऑगस्ट १४४४ रोजीं लागोसच्या बंदरांत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पकडून आणिलेलीं २३५ माणसें उतरविण्यांत आलीं. झुरारा नांवाच्या दरबारी बखरकारानें तो प्रसंग वर्णिला आहे. वांटणी करतांना बाप लेकापासून, नवरा बायकोपासून, भाऊ भावापासून तोडला जात होता. आया लेंकरांना पोटाशीं धरून जमिनीवर पालथ्या पडत होत्या. राजपुत्र घोड्यावर बसून आपला पंचमांश, म्हणजे ४६ जीव, स्वीकारीत होता. बखरकार धन्याचा स्तुतिपाठक. तरी त्याची लेखणी त्या ठिकाणीं गहिंवरली आहे. मदेरामागून साव तोमे, साव तोमेमागून ब्राझील, असा उंसाचा मळा वाढत गेला आणि त्याबरोबर गुलामांचीं गलबतेंहि वाढलीं. बदामाचा कडूपणा झांकणारी गोडी ज्या वाटेनें स्वस्त झाली, ती वाट अशी आहे. बदामाचें विष उष्णतेनें तरी उडून जातें. हें विष कशानें उडून जाणार?

साखर स्वस्त झाली तेव्हां तिचा सर्वांत कलापूर्ण उपयोग पोर्तुगालांतील संन्यासिनींच्या मठांनीं केला. अंड्यांतील पांढरा बलक वस्त्रांना खळ देण्यास आणि मद्य निवळण्यास लागे, त्यामुळें पिवळे बलक मुबलक उरत. पिवळा बलक, साखर आणि बदाम या तिघांच्या मिलाफांतून शेंकडों मिठाया जन्मल्या. आल्गार्वची ‘दों रोद्रीगो’ ही त्यांपैकींच एक. बलकाचे साखरेच्या पाकांत सोडलेले बारीक धागे, त्यांत बदामाचा चुरा, आणि वर रंगीत चकचकीत कागदाचें वेष्टन, असें तिचें रूप. बदामाची पूड आणि साखर मळून केलेल्या मार्झिपानचीं चिमुकलीं फळेंहि तेथें करतात, आणि तीं इतकीं हुबेहूब कीं चिमणीनें चोंच मारावी. १८३४ सालीं उदारमतवादी सरकारनें पुरुषांचे मठ बंद केले. संन्यासिनींच्या मठांत नवीन प्रवेश थांबला आणि शेवटची वृद्धा वारली कीं मठाला कुलूप, अशी स्थिति आली. परंतु मठाच्या कृति तोंपर्यंत शहरांतल्या घरांत आणि दुकानांत पोंचल्या होत्या. अशा मिठाईबरोबर ओठ ओले करण्यापुरतें बदामी लिक्योर द्यावयाचें, ही तेथील आतिथ्याची रीत.

या पाककलेची एक शाखा आपल्या दारापर्यंत आली आहे. १५१० ते १९६१ पर्यंत गोव्यांत पोर्तुगीजांची सत्ता होती. त्यांच्याबरोबर मार्झिपान आलें, पण गोव्यांत बदाम कोठून मिळणार? तेथल्या गृहिणींनीं त्याच्या जागीं काजू घातला, आणि आजहि नाताळांत गोव्यांतील ख्रिस्ती घरांतून काजूचें मार्झिपान होतें. तो काजूहि पोर्तुगीजांनींच ब्राझीलहून आणिलेला! मद्याचेंहि तसेंच झालें. आल्गार्वचा डोंगराळ शेतकरी ‘मेद्रोन्यो’ नांवाचीं रानफळें वेंचून, आंबवून, तांब्याच्या भट्टींत गाळतो. गोव्याचा शेतकरी काजूचीं बोंडें तुडवून, रस आंबवून, पहिल्या धारेचा उर्राक आणि पुढची फेणी काढतो. काजूच्या फेणीला २००९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. फळ वेगळें, भांडें वेगळें, पण दोन्ही ठिकाणीं गरीब जमिनीवरचें दुर्लक्षित फळ माणसानें आपल्या हुन्नरानें वर काढलें आहे.

आतां हें पेय तेथें कसें घेतात तें सांगतों. त्याचा रंग फिकट गवती, पोत किंचित् दाट. तें ढोंसण्याचें पेय नव्हे, चाखण्याचें आहे. लहान देठाच्या पेल्यांत, चांगलें गार करून देतात. शीतपेटीचा काळ नव्हता तेव्हां विहिरीच्या गारव्यावर भागत असे. उन्हाळ्यांत पेल्यांत बर्फाचे खडे टाकून वर लिंबू पिळतात, किंवा लिंबाचा रस आणि बर्फ घालून इतकें घुसळतात कीं वर पांढरा फेंस यावा. यामागें कारण आहे. नुसतें लिक्योर जिभेवर फार गोड लागतें. गारव्यानें गोडी दबते, आंबटपणानें ती तोलली जाते, आणि मग तिच्या आड लपलेला मूळचा कडूपणा हलकेंच पुढें येतो. पहिल्या घोटाला साखर, दुसऱ्याला लिंबू, आणि घोट गिळल्यावर टाळूला उरतो तो कडू बदाम. परंतु बर्फ अति झाला तर सुगंधच गोठून जातो, म्हणून जाणते लोक हात राखून बर्फ घालतात. कोणी जेवणापूर्वीं भूक लागावी म्हणून तें घेतात, कोणी जेवणानंतर कॉफीबरोबर. शेजारीं बशींत बदाम भरलेलीं सुकीं अंजिरें असलीं म्हणजे त्या चुनखडीच्या पट्ट्यांतील दोन जुने शेजारी पुन्हा एकत्र आले असें समजावें.

ही बैठक अजून चालू आहे. पण ज्या झाडाखालीं ती सुरू झाली तें झाड मात्र ओसरत चाललें आहे. बदामाची काढणी ऑगस्ट-सप्टेंबरच्या उन्हांत होते. झाडाखालीं कापड अंथरावयाचें, लांब काठ्यांनीं फांद्या झोडावयाच्या, वरची साल काढावयाची, दाणे वाळवावयाचे, आणि मग बसून एकेक कवच दगडानें फोडावयाचें. घरचींच दहा माणसें असत तोंवर हें परवडे. १९६५ सालीं फारो येथें विमानतळ झाला, उत्तरेकडील प्रवासी उन्हाच्या ओढीनें लोटले, आणि शेतकऱ्याचीं मुलें हॉटेलांत चाकरीला गेलीं. तिकडे कॅलिफोर्नियांत यंत्रानें झाडें हालवून बदामांचे डोंगर उभे राहूं लागले. आज जगांतील बहुतेक बदाम तेथून येतो, आणि आपल्या डब्यांतला, जो एके काळीं काबुली व्यापाऱ्याच्या पोतडींतून येई, तोहि बव्हंशीं तेथलाच असतो. पोर्तुगालांतहि नव्या बागा झाल्या, पण त्या उत्तरेच्या आलेंतेझु प्रांतांत, २००२ मध्यें पाणी अडविलेल्या आल्केव्हा धरणाच्या पाण्यावर. बारोकालमधील जुनीं वांकडीं झाडें न छाटतां, न झोडतां तशींच उभीं आहेत. माघांत तीं अजून फुलतात आणि प्रवासी त्यांचीं छायाचित्रें घेतात. सप्टेंबरांत त्यांचे बदाम खालीं पडून तसेच राहतात.

आणि चव? चवीला आतां झाडाची गरज उरलेली नाहीं. तो सुगंध जर्दाळूच्या बियांच्या गरांतून काढतां येतो, किंवा रसायनशाळेंत कोळशाच्या अगर खनिज तेलाच्या पदार्थांपासूनहि बनवितां येतो. बदामी चवीचीं कित्येक पेयें आणि मिठाया जगभर अशाच सुगंधावर चालतात, आणि सामान्य जिभेला भेद कळत नाहीं. लीबिग आणि व्होलर यांच्या विद्येचें हें फळ. त्याला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. विषाची भीति गेली, किंमत उतरली. तरीहि प्रश्न उरतोच कीं, फुलोरा पाहून माघ ओळखणारा, कडू झाड कोणतें हें खोडावरून सांगणारा, काठीचा घाव फांदीला न लागतां फळाला लागेल असा मारणारा मनुष्य गेला, तर त्या चवीबरोबर जें ज्ञान होतें तें कोणत्या बाटलींत भरून ठेवावयाचें?

आल्गार्वच्या लोकांनीं या पेयाला ‘गोड’ हें नांव दिलें नाहीं, ‘इवलीशी कडू’ हें दिलें. त्यांत त्यांचें सारें शहाणपण आहे, असें मला वाटतें. साखर इतकी घालूनहि त्यांनीं कडूपणा झांकून टाकला नाहीं. त्यालाच पाहुण्यांपुढें नांवानिशीं बसविलें. इतिहासाचेंहि असेंच करावें. त्यांतील फुलोरा आणि दंतकथा यांबरोबर लागोसच्या बंदरांतील ती सकाळहि सांगावी, आणि तिची चव जिभेवर थोडा वेळ राहूं द्यावी.